चेन्नई ते लातूर, विमानानं दीड तास

मित्रांनो, आज दुपारी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. परवा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आवाज घाबरलेला.

"किती लांब हायस रं तू?"

मी मोबाईलवर शोधलं. चेन्नई ते लातूर विमानानं दीड तास, असं आलं. तेच सांगितलं.

आई हसलीच. "एवढंच व्हय! मग येऊ नको, रजा घालवू नको. लागलं तर बोलावते."

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, या मार्गावर विमान जात नाही. ते काही तिला वाचून दाखवलं नाही.

तिच्या बोलावण्याची वाट न बघता रजा टाकली, आता रेल्वेत बसलोय. दीड दिवस लागंल. विमानात खायला काय दिलं, असं आईनं विचारलं तर काय सांगू?