रोवणीचं गाणं कोणाचं?

ते गाणं डोमाजीभाऊंनी लिहिलंय, यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

आज सकाळी त्यांची बायको गेली. भागरताकाकी.

"चिखलात पाय माझा, पाठीवर ऊन,
माहेरच्या बोडीत निजलं माझं मन..."

बोडी म्हणजे गावचं लहान तळं. आमच्या सिहोऱ्याकडे ज्याने हे ऐकलं नाही, तो एकतर बहिरा किंवा नवा तलाठी. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात हेच, लग्नाच्या डीजेवर हेच. नाटकाच्या पत्रिकेवर छापलेलं: गीते, डोमाजी.

आता डोमाजीभाऊ म्हणजे तलावात जाळं टाकणारा माणूस. आमच्याकडे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, बायकांची. हा गृहस्थ जन्मात चिखलाच्या बांधीत वाकला नाही आणि पाठीवरचं ऊन नेमकं लिहितो?

संस्कृतात याला परकायाप्रवेश म्हणतात.
मी संशय म्हणतो.

एकदा मंडईत म्हटलं, भाऊ, पाहुण्यांसाठी एक कडवं वाढवून द्या. म्हणाले, घरून येतो.
प्रतिभा घरी ठेवून हिंडणारा कवी मी दुसरा पाहिला नाही.

धूर दिसला की अग्नी असतो, एवढं न्यायशास्त्र संस्कृत शिकून बातमीदार झालेल्या मलाही येतं. दुसऱ्या दिवशी थेट त्यांच्या घरी गेलो. काकी अंगणात मासे साफ करत होत्या. विचारलं, गाणे कोणाचे?

"पत्रिकेवर ज्यायचं नाव हाय, त्यायचे."

"नाव सांगा ना मग."

"नवऱ्याचं नाव घेऊ का आता? एवढा पंडित झाला, अन् येवढंही समजत नाही तुले?"

झालं. साक्षीदार फितूर. पण मान खाली घालून हसल्या, ते मी पाहिलं होतं.

आज नदीघाटावर शोकसभा झाली. नाटक कंपनीचे मालक बोलले, "थोर गीतकाराची अर्धांगिनी हरपली." माना हलल्या. व्हॉट्सॲपवर तेच फॉरवर्ड होऊन राहिलं होतं.

मग डोमाजीभाऊ उठले. काठी टेकत.
पोरगी झाल्यापासून बायकोला 'पोरीची माय' म्हणणारा माणूस. यापलीकडे हाक नाही.

"भागरता," म्हणाले.

माना वळल्या.

"गाणे भागरताचे होते. मी नुसता नेऊन देत होतो."

मला गहिवर यायला हवा होता. आला संशय. एवढी वर्षं काय करत होते हे? परतताना बाजूला घेऊन विचारलंच.

"तिनंच शपथ घातली होती, पंडितजी. नाटकाच्या पत्रिकेवर बाईचं नाव दिसलं तं पोरीले सोयरीक कोण देईन, म्हणे."

"अन् पोरीचं लगन झाल्यावर? तवा काहून नाही सांगितलं?"

नदीकडे पाहत म्हणाले,

"टाळ्या गोड लागल्या."

माणूस चोर होता. पण कबुली चोख दिली. माझ्याकडे एवढी स्वच्छ बातमी क्वचितच येते.

डेस्कला हेडिंग पाठवलं: 'गीतकार भागरताबाई यांचे निधन'. लगेच फोन आला, ही कोण?
म्हटलं, तुमच्या बहिणीच्या लग्नात ज्या गाण्यावर नाचलात ना, ते लिहिणारी.
उद्या छापतील म्हणाले. छापलेलं पाहिल्याशिवाय मी मानणार नाही.

काकी, तुम्ही शेवटपर्यंत त्यांचं नाव घेतलं नाही.
त्यांनी आज तुमचं घेतलं. सगळ्यांसमोर, उखाण्याशिवाय.

उशीर केला. पण घेतलं.

या काकी आता. भरल्या मनाने श्रद्धांजली.