जंतूला डोहाळे

दुपारचा डबा संपवून शैलजा होनराव प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकवते. दूध-पाणी तपासून द्यायची तिची नोकरी, आणि आज नमुने फारसे आलेले नाहीत. इन्क्युबेटरची घरघर लांब लांब जाते, पापण्या मिटतात, आणि समोरच्या स्टुलावर प्रभुणे सर बसलेले असतात. एकेकाळचे तिचे गाईड. गेल्याच महिन्यात वारले.

"भेटायला आली नाहीस," सर म्हणतात.

"शोकसभेला आले होते."

म्हणेपर्यंत दोघं शोकसभेच्या त्या हॉलमध्ये आहेत. खुर्च्याखुर्च्यांवर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर काचेची बशी, बशीत जंतूंचे पिवळे ठिपके. रडत कुणीच नाही. सगळे हसतायत.

हे हसणं ती ओळखते. संशोधन करत होती तेव्हा अशाच भरल्या हॉलमध्ये तिने सांगितलं होतं, की गरोदर बाईच्या शरीरातलं हार्मोन एका साध्या जंतूला चिकटतं. ते धरून ठेवणारी नेमकी जागाच त्याच्या अंगावर आहे, आणि त्या हार्मोनसारखा एक रेणू तो स्वतःही बनवतो.

"का हो, जंतूला डोहाळे लागलेत काय?" सरांनी विचारलं होतं, आणि हॉल खदखदून हसला होता. प्रबंधावर त्यांची सही झालीच नाही. पुढे तेच दुसऱ्या कुणीतरी छापलं.

"मला तेव्हाच पटलं होतं," सर आता म्हणतात.

हॉलचा प्रसूतिगृहातला बोळ झालाय. बाकांवर पोटुशा बायका बसल्यात. सर भिंत धरून चालतायत.

"मग सही का नाही केलीत?"

"जंतूंचा आणि हार्मोनचा काही संबंध नाही, हे जन्मभर शिकवत आलो होतो मी. तुझं खरं म्हटलं असतं, तर माझं काय राहिलं असतं?"

"आणि माझं काय राहिलं, सर?"

ते थांबतात. त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखी अधीरता येते. या अधीरतेच्याच ओढीने ती त्यांच्याकडे शिकायला गेली होती.

"एवढंच सांग. हार्मोन चिकटल्यावर जंतूचं होतं काय? तो प्रयोग तू नंतर केलास. मला दाखवला नाहीस."

जंतू आकार बदलतो. आखूड कांडी लांबत जाते, दोऱ्यासारखी होते. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता, आणि सांगावं असं कुणी उरलं नव्हतं.

"सांग ना गं, शैलजा."

उत्तर तिच्या जिभेवर येतं. ती जीभ दातांखाली धरते. सर हात जोडतात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, पण दात ती आणखी घट्ट आवळते. बोळ ओसरत जातो, जोडलेले हात तेवढे शेवटपर्यंत दिसत राहतात.

जाग येते. खिडकीत ऊन तसंच आहे. तोंडात खारट चव. शैलजा उठून चूळ भरते, तशी पांढऱ्या बेसिनमध्ये रक्ताची धार उतरते.