परत मागवलेली बॅटरी

पनवेलमध्ये माझं लॅपटॉपच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. एका कंपनीने आपल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या परत मागवल्या. त्या तापून पेट घेण्याचा धोका होता. बदल्यात नवी बॅटरी फुकट मिळणार होती, म्हणून मी गिऱ्हाइकांना फोन लावले. बहुतेकांनी बॅटऱ्या आणून दिल्या. करंजाला मासळी विकणाऱ्या एका मावशींनी मात्र साफ नकार दिला. त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या लेकीसाठी लॅपटॉप नेला होता.

"चांगली चालतेय. फुकट नवी देतात म्हंजी कायतरी गडबड हाय. मी नाय देनार."

फोनवर हे जमणार नव्हतं. सकाळी स्कूटर काढली आणि थेट करंजा गाठलं. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. मी लॅपटॉप मागून घेतला, बॅटरी काढली आणि ओट्यावर ठेवली. खालून फुगल्यामुळे ती डगमगत होती.

मावशी बघतच राहिल्या. "पोर हा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते गो."

"म्हणून तर आले," मी म्हणाले.

नवी बॅटरी येईपर्यंत लॅपटॉप नुसत्या चार्जरवर कसा चालवायचा, ते मी लेकीला दाखवलं. मी निघाले, तशा मावशीही पदर खोचून उठल्या.

"चल बाय, पलीकडच्या घरात पन आसाच लॅपटॉप हाय."

तिथे मला तोंड उघडावंच लागलं नाही. दारातूनच मावशींनी सुरुवात केली, "आदी ती बॅटरी काढ बघू!"