साहेबांची सवय सगळ्यांना

मंगळवार, १४ मार्च १९९५. आज वन्सं शीळ घालत घरी आल्या.

माझ्या या धाकट्या नणंदबाई कचेरीतले संगणक सांभाळतात. सगळे एकाच तारेवर जोडलेले आहेत. दोघांनी एकदम काही पाठवलं की टक्कर होते. मग दोघांनीही थांबायचं, कुणी कमी, कुणी जास्त, म्हणजे पुन्हा टक्कर होत नाही. साहेबांनी मात्र आपला संगणक कधी थांबूच नये अशी सोय करून घेतली होती. त्यामुळे इतरांची कामं रखडायची. त्यापायी वन्संच्या तिथल्याच मैत्रिणीला मंद ठरवून साहेबांनी घरी बसवलं.

आज वरिष्ठांसमोर साहेबांचा अहवाल छापून निघायचा होता. वन्संनी सकाळीच प्रत्येक संगणकाला साहेबांची सवय लावली. कुणीच थांबेना, टकरीवर टकरी, छपाईच्या यंत्रातून कागद म्हणून हलेना.

"अहो बाई, माझा अहवाल!" साहेब घामाघूम झाले.

"थांबा की जरा," वन्सं म्हणाल्या. "का तुम्हीही मंद?"

"तळतळाट लागेल हो तुम्हाला त्याचा," घरी हे सगळं ऐकून मी म्हटलं.

"मैत्रिणीचा त्याला लागला, वहिनी. मी फक्त पोचवला."

मला मनापासून बरं वाटलं.

संध्याकाळी गॅस संपला. नवा सिलिंडर वन्संनीच लावला.