आगेऱ्याच्या टोपलीतला चिखल

आगेरा हा आम्हा किरिस्तावांचा नव्या भाताचा सण. कापणीच्या तोंडावर प्रत्येक घराने भाताच्या पहिल्या लोंब्या टोपलीत घालून देवळात न्यायच्या आणि पाद्रीबाबांनी त्यांवर पवित्र पाणी शिंपडायचं, अशी आमच्या पाड्याची रीत. चौलच्या पलीकडे, खाडीकाठी आमचा पाडा. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, त्या आगेऱ्याला माझ्या आईने टोपलीत चिखल भरला.

त्याआधीच्या उन्हाळ्यात उधाणाने खारबांध फोडला होता आणि समुद्र आमच्या शेतात शिरला होता. बाबा वारलेले. शेत बाबांचं आणि काकाचं सामाईक, त्यामुळे आईच्या अंगठ्याशिवाय ते विकता येत नव्हतं. शेजारचा मिठागरवाला तर ते विकत घ्यायला टपूनच बसला होता.

"वैनी, खारावलेल्या जमिनीत मीठच पिकनार. अंगठा द्या न् मोकळ्या व्हा," काका म्हणाला.

"मी देवाची वाट बघतंय, भावजी."

"बघा की! फकस्त तो भरतीला येतो का ओहोटीला, तेवढं इचारून ठेवा."

पाडाभर हा विनोद फिरला. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, "काय गं, आला का तुमचा देव?" मला त्याचा तेव्हा संताप यायचा आणि म्हातारी झाले तरी येतो. देवाची वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या आईचे हात पाहायला हवे होते. तिने बांध बुजवला. पावसाचं गोडं पाणी शेतात तुंबवायचं, ओहोटी लागली की उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी उचलून ते खारट झालेलं पाणी खाडीत सोडायचं, भरती यायच्या आत फळी खाली टाकायची आणि पुन्हा तुंबवायचं. ओल्या फळीने माझे तळवे सोलून निघत. एकदा मी रडत रडत म्हटलं, "मला देवाचा राग येतो."

"मग त्याला सांग की. मला काय सांगतेस? फळी धर."

तर त्या आगेऱ्याला आम्ही चिखलाची टोपली घेऊन रांगेत उभ्या राहिलो. मागे खसखस पिकली. मी मान खाली घातली, तर आईने मला कोपर मारलं. पाद्रीबाबा आमच्यापुढे थांबले.

"बाई, हे काय?"

"आमचं शेत, फादर."

"आगेरा पिकाचा असतो."

"पीक त्याने द्यायचं हाय. माझ्याकडं हाय ते मी आनलंय."

पाद्रीबाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि इतरांच्या लोंब्यांवर शिंपडलं तेवढंच पाणी चिखलावरही शिंपडलं. घरी येऊन आईने तो चिखल परत शेतात टाकला आणि ओहोटीची वेळ झाली होती म्हणून लुगड्याचा काष्टा घट्ट करून फळीकडे गेली.

पुढच्या आगेऱ्यालाही चिखलच नेला. काका त्या वर्षी आमच्याजवळ उभा राहिला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आईने राता पेरला. खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल भात ते. उगवलं तेही ठिकठिकाणी टक्कल पडल्यासारखं. पण लोंब्या आल्या. आईने टोपलीत आधी शेतातलं एक ढेकूळ ठेवलं आणि त्यावर लोंब्या रचल्या. पहिला आशीर्वाद त्यालाच मिळालेला, त्याला आता घरी कसं ठेवायचं, असं म्हणाली.

देवळाबाहेर काकाने आमच्या टोपलीतली एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. टरफलं उडाली. त्याला बरंच वाटलं असावं.

"निम्मं पळंज हाय, वैनी. पोकळ."

"व्हय," आई म्हणाली, "आनि निम्मं भात हाय." तिने त्याच्या तळहातावर उरलेले दाणे एकेक करून उचलले आणि टोपलीत परत टाकले. मग आपला चिरा पडलेला अंगठा त्याच्यापुढे धरला.

"ह्यो बघून घ्या, भावजी. ह्यो काय तुमच्या कागदावर उठनार न्हाय."