दादासाठी ताडपत्री: विक्रोळी ते गोराई

दादाला झाडाखाली झोपवायचं, हे आमचं दिवाळीच्या आधी पंधरा दिवस ठरलं. ठरलं म्हणजे त्याने मागितलं आणि मला नाही म्हणवलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. बावीस वर्षं गिरणीत साचेवाला होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा तो आमच्या विक्रोळीच्या चाळीत राहायला आला. बरोबर एक ट्रंक होती आणि छातीत कापसाची धूळ होती. लग्न त्याने केलं नव्हतं. आडवा झाला की त्याला श्वास लागायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायचा.

माझ्याबरोबर कारखान्यात जनू नावाचा गोराईचा कोळी होता. त्याने जुन्या जाळ्याची एक झोळी विणून आणली. दोन टोकांना बांधायची, मधे माणसाने अर्धवट बसल्यासारखं पडायचं. खोलीतल्या पाळण्याच्या कड्यांना ती टांगली आणि दादा त्या दुपारी तासभर घोरला. माझी बायको नलू स्वयंपाक सोडून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

उठल्यावर दादा म्हणाला, "माका एकदा झाडाखाली निजाचा आसा. ह्या खोलीत नको. थोडी हवा होयी."

जनूच्या घरामागे सुरूची झाडं होती, समुद्र पाच मिनिटांवर. आणखी दोन झोळ्या तो देणार होता. प्रश्न उरला वरच्या आडोशाचा. आजकाल मला पोरं विचारतात, काका, घरच्यांना घेऊन झोळीत झोपायला जायचंय, स्वस्तातली ताडपत्री कुठे मिळेल? तेव्हा आम्ही ती कशी शोधली, ते सांगतो. यातलं काय उचलायचं आणि काय नाही, ते शेवटपर्यंत वाचून ठरवा.

पहिला रविवार घाटकोपर, दादाला बरोबर घेऊन. स्टेशनाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात नवी करकरीत ताडपत्री होती, बारा बाय पंधरा फूट. चौघांच्या तीन झोळ्यांना एवढी लागतेच, त्याहून लहान घेऊ नका. किंमत चारशेच्या घरात. मी नुसता भाव ऐकून दुकानाची पायरी उतरलो. मग बसने अंधेरी. तिथे मालाच्या गोदामांच्या रांगेत काळं प्लास्टिक मिळत होतं, पंचावन्न रुपयांत हवं तेवढं. वजनाला हलकं, घडी करून पिशवीत मावेल असं. मी पैसे काढलेसुद्धा. दादाने ते दोन बोटांत धरलं आणि चेहरा असा केला की जणू कोणी त्याला शिळं कालवण वाढलंय.

"ह्या मढ्यावर घालूक ठेव," तो म्हणाला. "माणसाच्या डोक्यावर कापूस होयो."

मी चिडलो. म्हटलं, "दादा, एका रात्रीचा प्रश्न आहे, तुला काय त्याचं धोतर शिवायचंय?" तो हसला, खोकला, पण ऐकला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर सुती कापड विणलं, त्याला प्लास्टिकखाली झोप म्हणणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. नंतर मालाडच्या बाजारात गेलो. तिथे फक्त लग्नमांडवाचं रंगीत कापड. पाऊस त्याच्यातून पाहुण्यासारखा आत आला असता.

दुसऱ्या रविवारी मुलुंडच्या नाक्यावर गेलो. तिथे ट्रक थांबायचे आणि एक म्हातारा भय्या फाटक्या ताडपत्र्यांना ठिगळं लावत बसलेला असायचा. त्याच्याकडे ट्रकवरून उतरलेली एक जुनी, जाडजूड ताडपत्री होती. "कडक माल है सेठ," म्हातारा म्हणाला, "कश्मीर तक घूमके आया है." दादा उकिडवा बसला. त्याने कापडावर अंगठा फिरवला, कोपरा उजेडाकडे धरला, नखाने एक धागा उचलून बघितला. पाच वर्षांत मी त्याला असं काही करताना पाहिलं नव्हतं. त्याचे हात एकदम कामावर हजर झाले होते.

"ह्येका म्हणतत कापड," तो मला म्हणाला. "हात लाव. ताणो बघ, बाणो बघ. आता कोण विणता असा?"

नव्वद रुपयांत सौदा झाला. घरी येईपर्यंत दादाने ती माझ्या खांद्यावरून खाली ठेवू दिली नाही, आणि मी म्हटलं, चला, एकदाचं काम फत्ते.

पण ताडपत्रीला वास होता. डिझेलचा, सुक्या बोंबलाचा, आणखी कशाकशाचा. खोलीत उलगडली तशी दादाला उबळ आली ती थांबेना. आम्ही चाकरमानी माणसं, घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, ही आमच्या आईची शिस्त. नलूने पाणी उकळलं, मी नळाखालच्या मोरीत ती ताडपत्री पसरली. धुण्याचा सोडा ओतला, साबण लावला, ब्रशाने घासली, परत सोडा. दोन दिवस गॅलरीत वाळवली. वास गेला, रंग उजळला. शेजारच्या बायका म्हणाल्या, नवी आणलीत का हो? मला केवढा अभिमान वाटला होता!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. मी, नलू, आठ वर्षांची आमची वैजू आणि दादा. जायचं असेल तर रस्ता असा: दादरला गाडी बदलून बोरिवली, पश्चिमेला उतरून खाडीपर्यंत बस, खाडी होडीने ओलांडायची, पलीकडे टांगा. दादाला चालवत नव्हतं, म्हणून टांगेवाल्याला दोन रुपये जास्त दिले. पाण्याची बाटली घरून भरून न्या, तिकडचं पाणी मचूळ लागतं.

जनूच्या आईने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. दादा दोन भाकऱ्या जेवला. मग आम्ही झोळ्या बांधल्या. जनूने दोन झाडांमध्ये दोरी ताणली, तिच्यावर ताडपत्री टाकली, चारी कोपरे खुंट्यांना बांधले. वाऱ्याकडची बाजू खाली घ्यायची, हे त्याच्याकडून शिका, तो होडीवर वाढलेला. दादा मधल्या झोळीत पडला आणि झोपला. खोकला नाही, घरघर नाही. मी घड्याळ बघत होतो, दोन तास दहा मिनिटं. वैजू त्याच्या पायाशी शिंपले मांडत होती आणि मी तिला सारखा गप्प बस म्हणत होतो.

संध्याकाळी जनूची आई अंगणात आली. "आज आभाल बरं नाय," ती म्हणाली. "आत निजा सगली, जागा हाय."

मी म्हटलं, "आई, दिवाळी झाली. आता कसला पाऊस?" आणि वर मोठ्या तोऱ्यात ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

साडेसहाच्या सुमाराला तो आला. पाच मिनिटं कापडाने धीर धरला. मग ते काळं पडत गेलं आणि सगळीकडून एकदम पाझरायला लागलं. कुठे भोक नव्हतं, फाटलेलं नव्हतं, चाळणीतून पीठ पडावं तसं पाणी पडत होतं. नलू वैजूला घेऊन धावली. झोळीतून दादाला उठवणं सोपं नव्हतं, जाळ्यात त्याचे पाय अडकत होते, मी आणि जनूने त्याला उचलून घरात नेईपर्यंत तो चिंब झाला होता. हसत होता.

"बरा वाटता रे," तो म्हणाला. "किती वर्सांनी भिजलंय."

जगातल्या प्रत्येक कापडाला नावं ठेवणारा माझा भाऊ त्या कापडाविषयी एक शब्द बोलला नाही. जनू मात्र बाहेर जाऊन कोपरा चोळून आला. "हिला मेण नाही राहिलंय रे. धुतलीस की काय?"

"सोड्यात," मी म्हटलं. "वास येत होता."

"अरे यार! मेणातेलावरच तर पाणी अडतं ना. वाट लावलीस तिची."

नलूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दादा चुलीपाशी जनूच्या आईच्या गोधडीत बसून वैजूला काहीतरी सांगत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. मग न्यूमोनिया, मग इस्पितळ. अकराव्या दिवशी दादा गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच संपलेली होती, हिवाळा काही निघाला नसता. माणसं अशी वाक्यं चांगल्या मनाने बोलतात. ती कानावर पडतात, खाली उतरत नाहीत. मी माझ्या हाताने घासून घासून त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढून टाकलं होतं. हे मी नलूलासुद्धा बोललो नाही. तीही बोलली नाही, कारण पाणी तिने उकळलं होतं. एका खोलीत आम्ही दोघं तसे सहा महिने राहिलो.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी मी ती ताडपत्री भंगारवाल्याला द्यायला काढली. वैजू दारात आडवी आली. रडत होती, पण आवाज नव्हता. मी खाली बसलो, विचारलं काय झालं. मग म्हणाली की जायच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघं खरेदीला गेलो असताना, काकाने ताडपत्रीचा कोपरा तिला वाटीसारखा धरायला लावला होता आणि त्यात तांब्याने पाणी ओतलं होतं. सगळं पाणी खाली लादीवर आलं. काका बराच वेळ ते बघत बसला. मग त्याने आपल्या पंच्याने लादी पुसली.

"काका म्हणाला, बापाशीक सांगू नको, नायतर तो जावचाच रद्द करतलो." तिने ते अगदी त्याच्यासारखं म्हटलं. "मी शपथ घेतली होती, बाबा."

ताडपत्री गळते हे जाणूनच तो गोराईला गेला होता. त्याला एक दुपार हवी होती आणि तिची किंमत त्याने पाणी ओतून तपासून पाहिली होती. आम्ही दोघं मोठी माणसं सहा महिने आपापलं पाप कुरवाळत बसलो होतो, आणि तेच ओझं आमची आठ वर्षांची पोर शाळेत घेऊन जात होती, परत आणत होती.

तर पोरांनो, ताडपत्री प्लास्टिकचीच घ्या. दिसायला वाईट असते, झोप लागेल की नाही सांगता येत नाही, पण कोरडे राहाल. सुती मिळाली तर साध्या पाण्याशिवाय काही लावू नका. नेण्याआधी तिच्यावर पाणी ओतून बघा, आणि बघताना घरातले सगळे जवळ असू द्या.

वैजूने त्या दिवशी मला विचारलं होतं, "मी सांगितलं असतं तर काका जगला असता का?"

मी म्हटलं, "नाही गं बाळा."

ती आता दोन मुलांची आई आहे. अजून अधूनमधून विचारते. मी तेच उत्तर देतो, आणि दर वेळी ती माझ्या तोंडाकडे नीट बघते.