धारगळचे उतावळे भुंगेरे

आता सांगायला लाज कसली? मॅडमनीच सगळीकडे सांगून टाकलंय! पण एक अट. मध्ये हसायचं नाही, हसलात तर चहाचं तुमचं तुम्ही बघा.

मी डिचोलीकडचा, मुळगावचा. काम किड्यांचं. हुमणीचे भुंगेरे बघितलेत ना? जमिनीत गपचूप पडून असतात आणि वळवाच्या सरीने माती भिजली की बाहेर पडतात. हल्ली पाऊस मागेपुढे होतोय, तर या भुंगेऱ्यांनीही आपली वेळ बदललीय का, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यासाठी पेडण्यात, धारगळला, सुमतीकाकींच्या घरी भाड्याने राहिलो. ओटीवर मी आणि मागच्या खोलीत माझे किडे.

खोलीची जमीन मातीचीच. तिथे भिंतीला लागून मातीने भरलेले बारा डबे ठेवले, तळाला जाळी, वरही जाळी. नियम एकच, आणि तो मीच केलेला. डब्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही, मातीला बोट लावायचं नाही. सकाळी वरच्या जाळीत कोण आलंय ते मोजायचं आणि वहीत लिहायचं.

मार्चपासून काकींच्या घरची काजूची दारू गाळायची भट्टी पेटली. रस उकळतो, वाफ नळीतून दुसऱ्या मडक्यात जाते, आणि ते मडकं थंड राहावं म्हणून त्यावर सारखं पाणी ओतावं लागतं. संध्याकाळी मला काय उद्योग? ते काम मी हौसेने घेतलं. बदल्यात लिंबू पिळून ग्लासभर हुर्राक, पहिल्या धारेची. आणखी काय पाहिजे माणसाला?

आणि एप्रिलमध्ये, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, जाळीत एक भुंगेरा! दुसऱ्या दिवशी चार. आठवड्यात जाळ्या भरल्या. पावसाची वाट बघणंच सोडलं की काय यांनी? मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, लगेच फोन केला.

"माती नक्की कोरडी आहे?"

"देवाशपथ, मॅडम! थेंब घातला नाही."

"बघ हं. सोमवारी मी हे समितीपुढे मांडणार. तुझी मुदतवाढ त्याच्यावरच आहे. चूक निघाली तर तू घरी आणि माझी अब्रू वेशीवर."

झालं! आनंद राहिला बाजूला, माझी झोप उडाली. मुदतवाढ नाही मिळाली तर चार वर्षं पाण्यात. मन शांत करायला मी भट्टीवर जास्त वेळ बसायला लागलो.

शनिवारी मॅडम स्वतःच येऊन थडकल्या. प्रत्येक डब्यासमोर वाकल्या. मग एका डब्याची जाळी उचलली आणि बोट खोल खुपसलं. बोट बाहेर आलं ते चिखलाचं.

"हे काय?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "मॅडम, आईची शपथ, मी नाही घातलं!"

"मग काकींनी?"

काकी दारातच उभ्या होत्या. त्या भडकल्या. "मी? त्या किड्यांच्या खोलीत मी पाय घालूक नाय!"

मॅडमनी डबा सरकवला. खालची जमीन ओली, भिंतही ओली. "पलीकडे काय आहे?"

"काही नाही, माड असतील," मी म्हटलं. खोटं नव्हतो बोलत हो! मी भट्टीवर जायचो ते फाटकातून बाहेर पडून, विहिरीला वळसा घालून. भिंतीच्या पलीकडे काय येतं याचा विचार कोण करतो?

काकी खो खो हसल्या. "माड खंयचे, मास्तर? पलीकडे भट्टी!"

मॅडमचा आवाज एकदम हळू झाला. "आणि तिथे एवढं पाणी कोण ओततं?"

मी काकींकडे बघून हात जोडले. त्यांना वाटलं, मास्तर लाजला.

"सांगा की मास्तर! मॅडम, दीड महिनो ह्येच ओततत. आमच्या घरवाल्याक हात लावूक देणत नाय. लय गुणी झील!"

"एक-दोन कळशाच, मॅडम…"

"एक-दोन?" काकी विहिरीच्या दिशेने हात करत म्हणाल्या, "आमची बांय तळाक गेली!"

मॅडमनी माझी वही उचलून पिशवीत टाकली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी समितीपुढे सगळं मलाच उभं राहून सांगायला लावलं. दोन सभासद डोळे पुसत होते, हसून हसून. एक वर्ष वाढवून मिळालं, पण अहवाल मॅडमनी भरला. त्यात एक रकाना असतो, 'निकाल बिघडवणारे घटक'. लोक तिथे उंदीर लिहितात, मुंग्या लिहितात, वीज गेली म्हणून लिहितात.

तिथे मॅडमनी सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. आणि खाली सूचना: 'पुढील हंगामात हा घटक खोलीपासून दूर ठेवावा.'